मास्तरांनी काढलेली ओळ

३ मार्च

पुन्हा बंद पडलं! रुग्णालयातल्या सिस्टरचा फोन थेट माझ्याकडेच आला. रक्त शुद्ध करणारं आमच्या कंपनीचं यंत्र मध्येच थिजलं, पडद्यावरचे आकडे जागच्या जागी. तिनं पंपाचं चाक हातानं फिरवून रुग्णाचं रक्त परत आत घातलं. रुग्ण ठीक आहे. ‘तुमच्या यंत्राकडे पाठ करायची भीती वाटते आता,’ एवढंच म्हणाली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

महिनाभरातली ही चौथी वेळ. यंत्राच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, माझ्याकडे आहे, त्यामुळे सगळ्यांची बोटंही माझ्याकडेच. विभागप्रमुख बाईंनी स्पष्ट सांगितलं – महिनाअखेर कारण सापडलं नाही तर कर्नल दुसऱ्या गटाकडे जाईल. नऊ वर्षं सांभाळलंय मी ते. पोरीपेक्षा दोन वर्षं जास्त.

५ मार्च

तसलंच एक यंत्र माझ्या टेबलावर आणून ठेवलंय. दोन दिवस झाले, पडायचं नाव नाही. ताकास तूर लागू देत नाही.

६ मार्च

पडलं! नेमकं कुठे अडकतं ते कळावं म्हणून कोडमध्ये जागोजागी एक ओळ घातली – ‘इथवर आलो’ एवढंच छापणारी – तर पडायचं थांबलं. ओळ काढली, पडलं. घातली, थांबलं. आपण बघतोय म्हटलं की एकदम सज्जन!

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, मग राहू दे की ती ओळ. असल्या माणसाशी संसार करते मी.

९ मार्च

मास्तर कप हातात घेऊन टेबलापाशी आले. इथले सगळ्यात जुने तेच. कर्नलची बाराखडी मला त्यांनीच शिकवली, म्हणून मी मास्तर म्हणते. आता सगळेच म्हणतात. त्यांनी विचारलं, पंपाची वाट बघत तेच तेच तपासत फिरणारा तुझा लूप बघितलास का? म्हटलं, तो सात वर्षं जुना आहे, माझ्या हातचा आहे, त्याला काय धाड भरलीय? ‘बरं,’ म्हणाले आणि कप धुवायला गेले.

१३ मार्च

मेमरी बदलली. वायरी बदलल्या. वीजपुरवठा तपासला. चार दिवस साप साप म्हणून भुई धोपटली.

१८ मार्च

आम्ही लिहिलेलं यंत्रभाषेत उतरवणारा कंपायलर वेगासाठी त्यात काटछाट करतो, ते ऑप्टिमायझेशन बंद करून सगळं पुन्हा बांधलं. तीन दिवस अखंड चाललं! आज चालू करून बांधलं, दोन तासांत थिजलं. म्हणजे घोडं इथे पेंड खातंय.

१९ मार्च

सापडलं. आणि आनंद झाला नाही.

माझाच लूप. पंप तयार झाला की मेमरीत एक खूण बदलतो. ती बदलेपर्यंत लूपनं तिच्याकडे पुन्हापुन्हा बघत राहायचं, एवढंच काम. कंपायलरनं त्याचं काय केलं ते आज यंत्रभाषेत ओळीओळीनं वाचलं. त्याला वाटलं, इथे तर ही खूण कुणी बदलताना दिसत नाही, मग सारखं कशाला बघायचं? म्हणून त्यानं एकदाच बघायचं ठेवलं आणि बाकीचं बघणं काढून टाकलं. पंप वेळेवर असला तर निभावतं. केसभर उशीर झाला की लूप त्या जुन्या उत्तरावरच जन्मभर वाट बघत बसतो. मी छापायची ओळ घातली की त्याला पुन्हा बघणं भाग पडायचं, म्हणून तेव्हा सगळं सुरळीत!

‘दरवेळी नव्यानं वाच’ असं कंपायलरला बजावणारा एक शब्द असतो. तो मी लिहिलाच नव्हता. चूक माझी, कबूल. आज लिहिला. पण मग हा लूप सात वर्षं चालला कसा?

२० मार्च

लूप सात वर्षं कसा चालला, ते कळलं.

बांधणीच्या सेटिंगांमध्ये एक ओळ होती – माझी ती लूपवाली एक फाइल ऑप्टिमाइझ करायची नाही. त्या ओळीच्या आडोशाला माझी चूक सात वर्षं झाकून राहिली. जानेवारीत ती ओळ काढली गेली. पडदा जरा झटपट हलावा म्हणून! बदलांच्या यादीत कारण, तारीख आणि नाव. नाव मास्तरांचं.

म्हणजे ९ तारखेला कप घेऊन उभे होते तेव्हा त्यांना माहीत होतं. मी वायरी उपसत होते आणि हे बघत होते! दुसऱ्या कुणी केलं असतं तर भांडून मोकळी झाले असते. ज्यांनी हात धरून शिकवलं त्यांनीच केसानं गळा कापला. जेवताना लेकीनं विचारलं, आई, तुला कोण रागावलं? तिच्या ताटात भात वाढला.

२३ मार्च

बैठकीत सांगितलं, सगळ्यांसमोर. त्यांच्याकडे न बघता सांगितलं. आवाज चढला माझा, चढू दिला.

मास्तरांच्या पुढ्यात एकच कागद होता. त्यांनी तो चार घड्या घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, ‘हो. ती ओळ मीच काढली.’

बाईंनी विचारलं, ‘दुसऱ्या कुणी पाहिल्याशिवाय बदल आत जात नाही. हा कुणी पाहिला होता?’

‘ओळ माझी, जबाबदारी माझी.’

नव्या पोरांपैकी कुणाला तरी पाठीशी घालत असणार. माझ्यासाठी मात्र एक शब्द नाही! जाताना दारात क्षणभर थांबले. मी फायली आवरत राहिले.

कर्नल माझ्याकडेच राहिलं.

२५ मार्च

मास्तरांचं टेबल रिकामं. राजीनामा दिला म्हणे, कुणी मागितला नव्हता. कप विसरून गेलेत. की ठेवून गेलेत, कोण जाणे. मी हात लावला नाही.

२७ मार्च

अहवालाला ती जानेवारीची नोंद जोडायची होती, म्हणून आज पहिल्यांदा ती पूर्ण उघडली. खाली मास्तरांनी लिहिलंय – ‘ही ओळ तुझ्या लूपसाठी होती. ती काढायच्या आधी लूप एकदा बघून घे. तू हो म्हटलंस तरच काढतो.’

त्याखाली उत्तर, चार वाजून अकरा मिनिटांनी. चारला मी रोज लेकीला आणायला निघते. हे फोनवरूनच, जिना उतरताना दिलं असणार. आठवतही नाही.

‘हो मास्तर. पाहिलं.’

नाव माझं. तो चार घड्यांचा कागद हाच होता.