मीटरमागची तार

मामा, मागच्या रविवारी मी तू दिलेल्या गाडीचा डॅशबोर्ड उघडला. तुला जाऊन दहा वर्षं झाली, तरी तुझ्याशी भांडायची माझी हौस काही फिटलेली नाही.

तू विसरून गेला असशील, मी नाही. भाऊबीज होती. आळेफाट्याच्या तुझ्या गॅरेजमध्ये एक ठोकलेली गाडी तू नव्यासारखी केलीस आणि ओवाळणीत आईच्या हातावर चावी ठेवलीस. "एअरबॅगवाली हाय. आता घोडेगावच्या शाळेत शिकवायला निवांत जायाचं." आई रडायलाच लागली. मी बारा वर्षांची, गाडीचं मॅन्युअल आधीच वाचून काढलेलं. मी चावी फिरवते, आकडे मोजते. सहा, सात, वीस. एअरबॅगची लाईट काही विझत नाही. इंजिन चालू केलं की मात्र बॅटरीच्या लाईटबरोबर एकदम गुल. "मामा, ही इंजिन चालू करायच्या आधीच, सहा-सात सेकंदांत आपोआप विझायला पाहिजे. पुस्तकात लिहिलंय." तू पाहुण्यांकडं बघून हसलास. "मॅडम, पुस्तकातली गाडी पुण्यात चालती. हितं माझी चालती. लाईट इझली ना? मग झालं तर!" सगळे लई हसले. आईनं माझा दंड आवळला. "सॉरी म्हण मामाला. पाया पड." पडले. सगळ्यांसमोर.

आता मी गाड्यांचंच शिकलेय, गाडीतला बिघाड वाचणारा स्कॅनर माझा स्वतःचा आहे. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, दहा मिनिटं थांबले, कारण एअरबॅगच्या पिवळ्या वायरींशी मस्ती करायची नसते. मग मीटर बाहेर ओढला. मागं एक बारीक तार. एअरबॅगची लाईट तू बॅटरीच्या लाईटला जोडून ठेवली होतीस, म्हणजे इंजिन चालू झालं की दोन्ही एकदम विझणार. सोल्डरवर लाल ठिपका. मामीची नेलपॉलिश तू प्रत्येक जोडावर लावायचास, अख्ख्या फाट्याला माहीत होतं. मी एकटीच मोठ्यानं हसले, राव. सापडलास!

तार तोडली, मूळची जोडणी परत केली, तर लाईट लागली ती लागलीच. स्कॅनर म्हणाला, धडक ओळखणारा पुढचा सेन्सर. बंपर काढला. सेन्सरचा प्लग तुटलेला आणि त्याच्यावर काळी टेप गुंडाळलेली. म्हणजे तुला माहीत होतं. प्लग मिळाला नसेल, मान्य. मग लाईट पेटती ठेवायची होतीस ना! आम्ही विचारलं असतं, कुठूनतरी आणला असता. इतकी वर्षं आई उसाच्या ट्रॉल्या चुकवत रोज त्या रस्त्यानं गेली, आणि कुणी ठोकलं असतं तर स्टिअरिंगमधली बॅग उघडलीच नसती. तुझ्या सख्ख्या बहिणीसाठी, मामा.

नवा सेन्सर, नवा प्लग टाकला. चावी फिरवली. सहा मोजेपर्यंत लाईट आपोआप विझली.

माफ केलं असं समजू नकोस. आधी आईला सांगायचं, मग गॅरेजवर जाऊन तुझ्या जुन्या पोरांना, असं मी ठरवलेलं. तार मुठीत धरून आत गेले. हे पत्र कुठं पाठवायचं नाहीये, म्हणून पुढचं सांगते. आई भाकऱ्या थापत होती.

"काय झालं व्हतं गं?"

"उंदरानं वायर कुरतडली होती."

"दादा असता ना, तर पाच मिन्टात केलं असतं."

"हो," म्हणाले मी.