उणे बारा

२० ऑगस्ट, मंगळवार. नाटे

आले एकदाची. कोल्हापूरहून निघताना आईने इतक्या दशम्या बांधून दिल्या की मी समुद्राकाठी नाही, वाळवंटात चालले आहे असं बघणाऱ्याला वाटावं. राजापूरला गाडी बदलली. पुढच्या एसटीत माझ्या मांडीवर कॉम्प्युटर, पायाशी माइकची पेटी आणि शेजारी एका आजींची सुकटीची पिशवी. उतरेपर्यंत आम्ही दोघी एकाच वासाच्या झालो होतो.

घर मैत्रिणीच्या, म्हणजे मनस्वीच्या मावशीचं आहे, म्हणून गुणवंतीमावशी आता माझीही मावशी. ती बाजारात मासे विकते. तिचा नवरा रघूकाका होडीवर तांडेल, म्हणजे खलाशांचा मुख्य आहे. काल नारळीपौर्णिमा झाली आणि आज पहाटे तो समुद्रावर गेलासुद्धा. मुलगा हितेश मुंबईत, तो गणपतीला येईल. खाली ते दोघं, वर माझी एक खोली. जिना बाहेरून, चिऱ्याचा आणि शेवाळलेला. उतरताना भिंत धरायची, असा मावशीने पहिल्या पाच मिनिटांतच दम भरला.

पुण्याच्या एका कंपनीला लहान मुलांसाठी दहा बडबडगीतं हवी आहेत. चाल माझी, गळा माझा, वाजवणारही मीच. कोल्हापुरात आमच्या घरासमोर मंगल कार्यालय आहे, त्यामुळे माझ्या प्रत्येक गाण्यात कुणाची तरी वरात घुसायची. इथे पावसाशिवाय काही नाही. मी फार खूश आहे.

२२ ऑगस्ट, गुरुवार

सामान मांडलं. टेबल खिडकीशी, माइक समोर, बसायला मावशीची लाकडी खुर्ची. खुर्ची जरा हलली की कुरकुरते. प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये माझ्यासोबत तीही गाते.

सॉफ्टवेअर मात्र रुसलं आहे. सकाळपासून चारदा बंद पडलं, तेही सेव्ह करायच्या क्षणी. ड्रायव्हर नव्याने टाकला, जास्तीचे प्लगइन काढले, कॉम्प्युटरवरचा भार कमी केला. पाचव्यांदा पडलं.

शिवाय हेडफोनमध्ये सतत एक घूंऽऽ. इंटरनेटवर एका बहाद्दराने यावर उपाय लिहिला होता: प्लगची अर्थिंगची मोठी पिन मोडून टाका. पकडीने मोडली. घूं बंद! दिवसभरात तेवढंच एक यश. तेव्हापासून माइकला हात लावला की बारीक चिमटा बसतो, खाली पाण्याची मोटर चालू असली की जरा मोठा. पायात रबरी स्लिपर घातली की काही नाही. तेव्हा स्लिपर घालून गायचं.

एक गंमत. आपण गातो तो आवाज माइकमधून कॉम्प्युटरात जाऊन हेडफोनला यायला क्षणभर उशीर होतो. तो उशीर किती, हे सॉफ्टवेअर एका चौकटीत दाखवतं. आज माझ्या चौकटीत आकडा आला उणे बारा सेकंद. म्हणजे मी गायच्या आधीच माझं गाणं ऐकू येतंय. मनस्वीला फोटो पाठवला. ती म्हणाली, मग गायचे कष्ट कशाला घेतेस.

२४ ऑगस्ट, शनिवार

रघूकाका परतला. उंच, काळा, अबोल माणूस. बिडीमुळे त्याला एक खोकला आहे, तो ओळीने तीनदाच येतो, दारावर टकटक केल्यासारखा. मला बांगड्यांचं कालवण वाढायला त्याने मावशीला दोनदा सांगितलं. स्वतः माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

दुपारी बेडकाचं गाणं रेकॉर्ड केलं. ऐकताना मध्येच भांडं पडल्याचा खणकन आवाज. मी गात असताना तर काहीच पडलं नव्हतं. पुन्हा गायला बसणार, तोच खाली मावशीच्या हातून टोप पडला. तसाच, दोनदा आपटून घरंगळत गेलेला.

योगायोग असेल. पण ते गाणं मी पुसून टाकलं.

२६ ऑगस्ट, सोमवार

पाण्याची मोटर जळली. आता विहिरीवरून बादल्या भरून वर न्यायच्या. काका कालच पुन्हा होडीवर गेला, तेव्हा दुरुस्तीला माणूस नाही. एक बरं झालं, माइकचं चावणं जवळजवळ थांबलं.

सॉफ्टवेअर दोनदा पडलं. दुसऱ्यांदा उघडल्यावर त्याने अर्धवट राहिलेली फाइल वाचवून दिली. तीत माझं गाणं आहे आणि गाण्यावर मावशीची हाक: "दिशा, कालवण निवतंय गो. खाली ये."

मी खाली गेले. मावशी घरात नव्हतीच. बाजारातून यायची होती. ती आली, चूल पेटली, कालवण झालं, मी वर येऊन बसले. मग हाक आली. त्याच शब्दांत, त्याच सुरात.

जेवण गेलं नाही. मावशीला वाटलं तिखट झालं.

२८ ऑगस्ट, बुधवार

घाबरून चालणार नाही, हा शेवटी यंत्रातला बिघाडच आहे. म्हणून कालपासून शिस्तीने तपासलं. माइक चालू ठेवून खोलीत नुसती बसले, काय रेकॉर्ड झालं ते लिहून काढलं आणि वाट पाहिली.

प्रत्येक गोष्ट घडली. कोंबडा, फेरीवाल्याचा कर्णा, मावशीचं शेजारणीशी भांडण, माझी शिंक. किती वेळाने घडणार, तो आकडा चौकटीत असतो. सॉफ्टवेअर पडलं की आकडा वाढतो. शनिवारी पाच मिनिटं होता, सोमवारी दोन तास, आज एक दिवस. एकदाही चुकलेला नाही.

खरं सांगायचं तर भीतीपेक्षा मजा जास्त वाटली. उद्या दुपारी मावशी कुणाला काय बोलणार, हे मला आज ठाऊक आहे. गाणी चारच झाली आहेत, त्याचं काय ते बघू.

३१ ऑगस्ट, शनिवार

कुठून ही बुद्धी झाली.

दुपारी सॉफ्टवेअर पडलं. उघडल्यावर त्याने दहा मिनिटांची फाइल दिली. पाऊस. खुर्चीची कुरकुर. वळणावर चारच्या एसटीचा हॉर्न आणि बहुतेक तिचीच घरघर. मग काहीतरी धप्पकन पडतं. बराच वेळ नुसता पाऊस. जिन्यावर धावती पावलं. आणि मग माझ्या खोलीत, माइकच्या अगदी जवळ, मावशीचा हंबरडा.

मी हेडफोन काढून फेकले. पुढचं ऐकवलं नाही.

चौकटीतला आकडा तीन दिवसांचा. म्हणजे मंगळवारी दुपारी चार.

काका कालच परत आलाय. उद्या पहाटे पुन्हा निघणार, तो बुधवारी येणार. मंगळवारी तो भर समुद्रात असेल. बातमी धक्क्यावर येईल आणि मावशी धावत माझ्याकडेच येईल, घरात दुसरं आहे कोण.

सांगायचं कसं? न सांगता राहायचं कसं?

१ सप्टेंबर, रविवार

काल संध्याकाळी सांगितलं. वाटलं होतं हसतील. काका हसलाच. होडीत बर्फ भरलाय, डिझेल भरलंय, खलाशी थांबलेत, असं सगळं म्हणाला. मावशी हसली नाही. ऐकवू का, असं मी दोनदा विचारलं, तिने हातानेच नको म्हटलं. थोड्या वेळाने देवापुढे नारळ ठेवून आली आणि काकाला म्हणाली, "दर्यावर नाय जायचा. मंगळवार उलटू दे, मग जा हवा तितका."

होडी धक्क्यालाच राहिली. बर्फ शेजारच्या होडीला दिला. खलाशी कुरकुरले, सगळ्यात जास्त त्यांच्यातला संदेश. त्याचं घर याच कमाईवर चालतं, मला त्याच्याकडे बघवेना.

पण काका घरात आहे. अंगणात जाळं विणत बसलाय. त्याचा तो तीनदा येणारा खोकला ऐकला की मला बरं वाटतं.

२ सप्टेंबर, सोमवार

काकाला रिकामं बसवत नाही. दारं घासली, कौलं चाळली. आज मी बादली घेऊन जिना चढताना घसरले, भिंत धरली म्हणून वाचले. त्याने पाहिलं. पहिल्यांदाच माझ्याशी बोलला: "चार दिवस घरात बसवलंस गो बाय, तर निदान तुझी मोटर तरी चालू करून देतो."

जळलेली मोटर खोलून बसलाय. वायर आणायला बाजारात दोनदा जाऊन आला.

मी कॉम्प्युटरला हात लावला नाही.

३ सप्टेंबर, मंगळवार. सकाळी

पाऊस कोसळतोय. काका घरात, मावशी घरात. मावशीने त्याला आज अंगणाबाहेरही जाऊ दिलेलं नाही. मला एक मोठा श्वास घेता आला.

सॉफ्टवेअर मुळापासून काढून टाकलं आणि नव्याने टाकलं. चौकटीत पुन्हा उणे बारा. हेडफोन लावून बसले. टाळीचा आवाज आला. मी ठरवलं, वाजवायची नाही, बघू काय होतं. मानेवर डास बसला, तो उडाला, मी दोन्ही हातांनी मारला. टाळी वाजली. बारा सेकंदांनी.

असू दे. एका टाळीने काय होतं. मोठी गोष्ट तर आपण टाळलीच.

दुपारी, सव्वातीन

ती दहा मिनिटांची फाइल पुसून टाकणार होते. पुसण्याआधी एकदा शेवटपर्यंत ऐकली. आता कशाची भीती, म्हणून.

हंबरड्यानंतर जिन्यावर आणखी पावलं येतात. जड. दाराशी थांबतात. आणि मग खोकला.

तीनदा.

काका. काका त्या खोलीत आहे. जिवंत आहे.

मग मावशी कुणासाठी—

साडेतीन

पुन्हा ऐकली. सुरुवातीला खुर्ची कुरकुरते. धप्पनंतर एकदाही कुरकुरत नाही. श्वास नाही, घसा खाकरणं नाही. माझ्या सगळ्या फाइलींमध्ये मी असते. यात धप्पनंतर मी नाही.

पळून जावं. पण धप्प म्हणजे पडणं, आणि जिना ओला आहे. कालच घसरले होते. हाक मारली तर ती दोघं धावत येतील, त्याच जिन्यावरून. नको. माझ्यापायी त्यांचं काही नको.

चारपर्यंत इथेच. फक्त चारपर्यंत. आई, मला घरी यायचंय.

पावणेचार

खुर्चीवर बसणार नाही. टेबलाजवळ नको, खिडकीजवळ नको. जमिनीवर बसले आहे. जमिनीवर बसलेल्या माणसाला पडायला जागाच नाही.

कॉम्प्युटर खुर्चीवर ठेवलाय. हेडफोन कानात. माइक स्टँडवरून काढून डाव्या हातात घट्ट धरलाय, म्हणजे बारीकसं काही आलं तरी ऐकू येईल. बारा सेकंद आधी कळेल. बारा सेकंदांत माणूस दारापर्यंत जातो.

खिडकीतून पाणी आत येतंय. फरशी ओली झाली. स्लिपर खालीच राहिली, जेवायला गेले तेव्हा. असू दे. उठणार नाही.

३:५५

कोपर लागलं, खुर्ची कुरकुरली. मी तिच्यावर नसतानाही.

माइक मुंग्या आल्यासारखा चावतोय. सोडणार नाही.

खाली काका काहीतरी म्हणाला, मावशी हसली. किती दिवसांनी हसली.

३:५८

काही नाही. पाऊस.

काही नाही.

३:५९

हेडफोनमध्ये एसटीचा हॉर्न. बाहेर अजून नाही—

हेडफोनमध्येच मोटरची घरघर. काकाने जमवलं. पाणी येईल आता नळाला—

पेनची खरखर ऐकू येतेय. माझीच—

थांबली. धप्प—

पण मी तर जमिनीवरच—

बाहेर हॉर्न—

खाली मोट