फडताळावरची बाटली

२१ ऑगस्ट ८९, सोम.
चौथा पोहराही तसाच. वास तोच. पाण्यावर एक पांढरं पीस. पाचवा सोडला नाही.
कुंपणापलीकडे बाळारामची पोल्ट्री. कोंबड्यांच्या विष्ठेचा ढीग आता कुंपणाला टेकलाय. सर आली की काळं पाणी थेट विहिरीकडे. बोललो. म्हणाला, "मास्तर, कोंबऱ्यांना हागू नका सांगू काय? आमी पन याच विहिरीचा पितो." संध्याकाळी सहा अंडी पाठवली. आईने ओटीवरून आत येऊ दिली नाहीत.
मीनूच्या जुलाबांना महिना झाला. पाच वर्षांची पोर. डॉक्टर म्हणाले, पाणी बदला. सुधा तिला घेऊन डोंबिवलीला, माहेरी. पाणी सुधारेपर्यंत आंबिवलीला येणार नाही म्हणाली. भांडण नाही. ठरवून.

२४ ऑगस्ट, गुरु.
कॉलेज सुटल्यावर ठाण्याला आरोग्य खात्याच्या कचेरीत अर्ज दिला. ढीग तिथून हलवावा, एवढंच मागणं. कारकून म्हणाला, "विहिरीचा नमुना आणा. बाटली उकळून घ्या. पाणी खराब निघालं तरच पुढे."
घरी आईला सांगितलं. तिने बाटली दोनदा उकळली.

२८ ऑगस्ट, सोम.
पहाटे विहिरीवर बाटली भरली. फडताळावर ठेवून आंघोळीला गेलो. निघताना आईने फडक्यात गुंडाळून हातात दिली.
पोचवली. पावती मिळाली. खोपटच्या एसटी स्टँडपर्यंत चालत गेलो, उगाच.

७ सप्टेंबर, गुरु.
अहवाल. पाणी पिण्यास योग्य.
दोनदा वाचला. बाळारामने मागून घेतला आणि विहिरीवर बायकोला मोठ्याने वाचून दाखवला. "नाक तपासून घ्या, मास्तर!" मीही हसलो.
वाण्याकडून सुधाला फोन. "मग रविवारी येतो आम्ही."
रात्री पाणी पुन्हा हुंगलं. वास आहे. की मलाच येतो?

९ सप्टेंबर, शनि.
आई तांदूळ निवडत होती. सहज म्हणाली, पाणी चांगलं निघणारच होतं.
"का?"
"अरे, तू भरली होतीस त्यात काहीतरी तरंगत होतं. ओतून दिलं. उकळून गाळलेलं भरलं." मग, "आपल्या घरचं पाणी परक्याच्या हातात तसं द्यायचं?"
ओरडलो. ती निवडत राहिली. जरा वेळाने हात थांबले. "म्हणजे मीनू माझ्यामुळे येत नाही?"
चपला घालून वाण्याकडे निघालो. तिला उत्तर द्यायला हवं होतं.
सुधाला फोन. येऊ नकोस. कारण ऐकून आधी हसली. मग, "तिला इथल्या शाळेत घालू का?"
म्हटलं, थोडं थांब. थोडं म्हणजे किती, तिने विचारलं नाही.

१० सप्टेंबर, रवि.
बाळारामला खरं काय ते सांगितलं. "आता म्हातारीवर घालता काय, मास्तर?" त्याची बायको हंडा भरत होती. थांबून हंड्यात पाहिलं. मग भरला.
पुन्हा अर्ज, पुन्हा नमुना. पेन हातात घेऊन बसलो. दोन ओळी झाल्या. अर्ज तसाच ठेवून झोपलो.

११ सप्टेंबर, सोम.
सकाळी उठलो तर आई विहिरीवर. बाटली तिनेच भरली होती, गाळली नव्हती. आत पिसाचा तुकडा. पदराने बाहेरून पुसून माझ्या हातात दिली. अर्ज स्टेशनवर पुरा केला.