उजवीकडून ओढलेली रेघ

३ मार्च
फौजदार सकाळीच दारात! म्हणे, "बाई, निम्म्या गावाचं अक्षर तुम्ही वळवलंत. ही चिठ्ठी बघा." डॉक्टरच्या दाराखालून सरकवलेली — 'दवाखाना बंध कर. नायतर पेटवीन.' चौथ्या दिवशी दवाखाना पेटलाच. राखणदार भाजून इस्पितळात. कंपाउंडर कोठडीत — माझाच जुना विद्यार्थी. "अक्षर त्याचंच, एवढं लिहून द्या की झालं." वा! लिहून द्या म्हणे! आधी नीट बघू तर द्या.

४ मार्च
भिंग घेऊन बसले. शब्द वेडेवाकडे, चुका ढीगभर — पण पूर्णविराम जिथल्या तिथे! अडाण्याचं सोंग आहे हे. शिकलेलं माणूस आहे कोणीतरी. दवाखान्याचा घरमालक? त्याला जागा रिकामी हवीच होती. आज बाजारात हसून बोलला — कधी नव्हे ते!
धाकट्या बहिणीने ताट वाढलं. "ताई, जेव आधी. तुला आता सगळेच चोर दिसायला लागलेत." खरंच. सकाळी दूधवाल्याकडेही टक लावून बघत होते.

६ मार्च
कंपाउंडरची बायको येऊन रडून गेली. "बाई, तुमच्या एका शब्दावर आहे हो सगळं."

७ मार्च
सापडलं! अक्षरांवरची रेघ उजवीकडून डावीकडे ओढलीय. शाई उजव्या टोकाला दाट. म्हणजे डावा हात! फौजदार म्हणतात, कंपाउंडरने मुद्दाम डाव्याने लिहिलं असेल. अहो, सवय नसलेला हात थरथरतो. ही रेघ एका दमात ओढलेली!
घरमालक कुलूप कोणत्या हाताने लावतो, ते पाळत ठेवून पाहिलं. उजव्या. हात्तिच्या!

८ मार्च
धाकटी दहा वर्षांची असताना तिचं उजवं मनगट मोडलं होतं. चार महिने मी तिला डाव्या हाताने लिहायला शिकवलं. "रेघ ढकलू नकोस, उजवीकडून ओढ." मीच सांगितलं होतं. आईला माहीत होतं, ती गेली. आता आम्हा दोघींनाच.
तिचा नवरा गेल्या वर्षी याच डॉक्टरच्या इंजेक्शनने गेला.
भीती वाटते. शेजारच्या खोलीत ती कपड्यांच्या घड्या घालतेय.

९ मार्च
विचारलं. भाजी निवडता निवडता म्हणाली, "राखणदार आत झोपतो, हे मला ठाऊक नव्हतं गं." हातातली जुडी खाली ठेवली. मग, "तू नाही ना सांगणार?"

१० मार्च
फौजदार आले. "मग बाई, कंपाउंडरच ना?" धाकटीने चहाचा कप त्यांच्यासमोर ठेवला.
मी तिचं नाव सांगितलं.