बारा डिसेंबरपर्यंतची शपथ

तेपेतिक,
१८ ऑगस्ट १९९८

तीर्थस्वरूप एर्लिंदाताईस,
धाकट्या फिदेन्सिओचा सा. न. वि. वि.

परवा रविवारी सकाळी मी जे केलं ते तुला कळवल्याशिवाय मला प्रार्थनेला बसवत नाही. पहाटे नेहमीसारखा खड्डा उघडला, वरची घायपाताची पानं बाजूला केली, रात्रभर शिजलेलं मेंढराचं मटण वर काढलं. पहिला घास विकणाऱ्यानं सगळ्यांसमोर स्वतः खायचा ही आपली रीत. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मी तो घास रुतिलाच्या हातात दिला. लोक हसले. दहा वाजेपर्यंत सगळं मटण विकलं गेलं. मी देवाचे आभार मानले आणि भांडी घासायच्या निमित्तानं गोठ्यामागं जाऊन पातेल्याच्या तळाची चरबी सात तोर्तियांत, मक्याच्या पोळ्यांत गुंडाळून उभ्या उभ्या खाल्ली. आठवी उचलली तेव्हा रुतिला आली. ती नुसतं पातेलं उचलून घेऊन गेली. नवरा चोर निघाला म्हणून चार शिव्या दिल्या असत्या तरी बरं वाटलं असतं.

डॉक्टरांचं बोलणं मी रोज मनात घोकतो. माझी किडनी तुला चालेल, पण एकशे सहा किलोच्या माणसाला ते टेबलावर घेणार नाहीत. डिसेंबरच्या मध्याला काटा ब्याण्णववर आला तरच पुढचं. नोएलियाला दिवस गेलेले, त्यामुळे तुझ्या लेकीचा प्रश्नच नाही. म्हणजे उरलो मी, आणि मी गोठ्यामागं चरबी खातोय.

म्हणून त्याच दुपारी चर्चमध्ये जाऊन दारू सोडणारे लोक माउलीसमोर घेतात तीच शपथ घेतली. पाद्रीबाबांना सांगितलं की मला चरबी, गोड पाव आणि दुकानातल्या गोड बाटल्या सोडायच्यात. त्यांनी माझ्या पोटाकडे बराच वेळ पाहिलं. म्हणाले की शपथेच्या कार्डावर ‘मद्य’ असंच छापलेलं असतं, दुसरं कार्ड त्यांच्याकडे नाही, पण माउलीला समजेल. तारीख घातली बारा डिसेंबर, तिच्या सणाची.

ताई, मला भूक पोटात लागत नाही, हातांत लागते. हात आपोआप टोपलीकडे जातात. मग चिडचिड होते. काल गाढवावर इतका ओरडलो की शेजारचा आन्सेल्मो बघायला आला. तू पाण्याशिवाय कशी राहतेस ते मला नीट लिही. आईला अजून काही माहीत नाही. तुझी कंबर दुखते म्हणून तू येत नाहीस, एवढंच तिला सांगितलंय.

आशीर्वादात काटकसर नको. तेवढं एक तरी मला पोटभर मिळू दे.

तुझा,
फिदे


पाचुका,
२७ ऑगस्ट १९९८

चि. फिदेन्सिओस,
अ. उ. आ.

सात हा आकडा तू कमी करून लिहिला आहेस. लहानपणी तू पाच म्हणालास की आई नऊ धरायची.

रक्त शुद्ध करायच्या यंत्राशेजारी बसून लिहिते आहे. डावा हात यंत्राला बांधलेला, उजवा मोकळा. चार तास असेच जातात. तहानेचं विचारलंस. दिवसाला सगळं मिळून एक लिटर, त्यात रस्सा आणि कॉफीही आली. पहिल्या महिन्यात मी काय केलं ते नोएलियालाही ठाऊक नाही. मी आंघोळीचं पाणी प्यायले, साबणासकट. तेव्हा गोठ्यामागं उभा राहिल्याची लाज तू माझ्यासमोर बाळगू नकोस.

मग हळूहळू एक कळलं. तहान साधारण वीस मिनिटं आरडाओरडा करते, मग दम खायला थांबते. तिच्याशी भांडलं की ती चाळीस मिनिटं ओरडते. मी भांडत नाही. सुईदोरा घेते. वीस मिनिटांत शर्टाची दोन काजं होतात. तुझे हात भुकेले असतील तर त्यांना काम दे, त्यांना उपाशी ठेवू नकोस. उकडलेला निवडुंग लिंबू पिळून हवा तेवढा खा, त्यानं कोणी जाड झाल्याचं ऐकलं नाही. आणि सकाळचं जेवण टाळायचं नाही. तू सकाळी साधू होतोस आणि दहा वाजता चोर, ते त्यामुळेच. गाढवाची माफी माग.

एक गोष्ट मोठी बहीण म्हणून. नाही जमलं तरी मी तुझ्यावर रुसणार नाही. यंत्र आहे, मी आहे. पण आईला कळता कामा नये. तिनं दोन लेकरं पुरली आहेत. तिसऱ्याची काळजी तिच्या उशाशी ठेवायची नाही.

रुतिलाला माझं प्रेम सांग. पातेलं उचलून नेलं त्याबद्दल शाबासकी वेगळी.

तुझी,
एर्लिंदाताई


तेपेतिक,
२९ सप्टेंबर १९९८

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या सांगण्याप्रमाणे घायपाताच्या धाग्याचे दोर वळायला घेतले. भूक ओरडायला लागली की मी वळायला बसतो. आता घरात इतके दोर झालेत की रुतिला विचारते, सगळं गाव बांधून ठेवायचंय का. पण उपाय लागू पडला. मेंढरं तोलायच्या काट्यावर बसलो तर बारा तारखेला अठ्ठ्याण्णव भरलो. आठ किलो, ताई.

आणि त्यानंतर घोटाळा झाला. आन्सेल्मोच्या नातवाचं बारसं होतं. त्याच्या बायकोनं, पेत्रोनिलानं, मोलेचं, त्या मिरची-चॉकलेटच्या दाट रश्शाचं भरलेलं ताट माझ्यापुढं ठेवलं. नको म्हटलं तर अपमान, म्हणून मी शपथेचं कार्ड काढून दाखवलं. तिनं छापलेलं तेवढं वाचलं. तिचे डोळे भरून आले, तिनं मला सगळ्यांदेखत मिठी मारली आणि म्हणाली की बरं केलंस भाऊ, उशिरा का होईना. तेव्हा मला कळलं की मी गावाच्या नजरेत दारुडा झालोय. आन्सेल्मो म्हणाला की त्याला कित्येक वर्षं संशय होताच, माझे डोळे नेहमी लाल असतात. खड्ड्याच्या धुरानं त्याचेही लाल असतात, पण ते त्यानं कधी आरशात पाहिलं नसावं.

हे मी हसण्यावारी नेलं असतं. पण दारू सुटली की माणसाला गोडाची ओढ लागते, गोड दिलं नाही तर तो परत बाटलीकडे जातो, असं इथं लहान पोरही सांगतं. दुसऱ्या दिवसापासून गाव माझा जीव वाचवायला लागलं. गुळात शिजवलेला भोपळा, दुधातला भात, साखर लावलेले पाव, रोज कोणी ना कोणी दारात. गावाला मी नाही म्हणू शकतो. आईला कसा म्हणू? तिला आपले अण्णा आणि त्यांची दारू आठवते. ती रोज सकाळी मक्याची गोड पेज वाटीभर, वर साखरेचा थर, माझ्यासमोर ठेवते आणि वाटी रिकामी होईपर्यंत उठत नाही. जपमाळ ओढत बसते.

काल काट्यावर शंभर भरलो.

मला परवानगी दे. आईला खरं सांगू दे. शपथ मोडल्याचं पाप एका बाजूला, पण इथं तर मी तिच्या प्रेमानं जाड होतोय.

उत्तर लवकर येऊ दे. तोवर दोर वळतो.

तुझा,
फिदे


पाचुका,
९ ऑक्टोबर १९९८

चि. फिदेस,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की यंत्र शिट्टी मारायला लागलं आणि नर्सबाई ओरडल्या. दारूचा वासही सहन न होणारा माझा भाऊ गावचा दारुडा झाला. मी शेजारच्या खुर्चीतल्या दोन बायकांना वाचून दाखवलं. त्या रोज विचारतात, भावाचं काय झालं.

अक्षर वाकडं आलंय त्याचा अर्थ काढत बसू नकोस. डाव्या हाताची शीर बुजली, म्हणून आता उजवा यंत्राला आणि हे डाव्यानं लिहिते आहे. तिसरा हात देवानं दिलेला नाही, तेव्हा इथून पुढं डॉक्टर काय ते बघतील.

परवानगी मिळणार नाही. दुखणं माझं आहे, ते कोणाला सांगायचं ते मी ठरवणार. आईला कळलं तर ती त्याच दिवशी अंथरूण धरील. मला रोज तिची कल्पना करत यंत्रावर बसायचं नाही. पेज टर्कीला घाल, ते पक्षी काही बोलत नाहीत.

रागावू नकोस. तुझ्या दोरांतला एक मला पाठव.

तुझी,
ताई


तेपेतिक,
२१ ऑक्टोबर १९९८

ती. ताईस,
सा. न.

टर्कीला पेज घातली. रिकामी वाटी पाहून आईला इतका आनंद झाला की तिनं दुसरी भरून आणली. परवा मी तिच्यावर ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा. ती शांतपणे म्हणाली की अण्णाही पहिले काही आठवडे असेच ओरडायचे, हे जातं, तू धीर सोडू नकोस. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या वेळी मला जी भूक लागली होती ती कुठल्या टोपलीतली नव्हती.

दोर सोबत आहे. काटा अजून शंभरवरच.

तुझा,
फिदे


तेपेतिक,
३ नोव्हेंबर १९९८

ती. एर्लिंदाताईस,
फिदेन्सिओचा सा. न. वि. वि.

मी तुझा शब्द मोडला. आधी ते लिहून टाकतो, म्हणजे बाकीचं हातात येईल.

काल पितरांचा निरोपाचा दिवस. आईनं नेहमीप्रमाणे टेबल मांडलं होतं. झेंडूची फुलं, मेणबत्त्या, गेलेल्या धाकट्या दोघांसाठी साखरेची मेंढरं, अण्णांचा फोटो, त्यांचा पाव, त्यांच्या चिलमीची तंबाखू. त्यांच्या पुल्केच्या, घायपाताच्या दारूच्या गडूची जागा मात्र रिकामी होती. अण्णा गेल्याला एकोणीस वर्षं झाली, एकदाही तो चुकला नव्हता. मी विचारलं. ती म्हणाली की घरात वास नको, तुला त्रास होईल. तिनं अण्णांची तशी माफी मागितली होती. यंदा पोरासाठी कोरडेच जा, असं फोटोला सांगितलं होतं.

दुपारी घंटा झाल्या, पितर गेले, आणि टेबलावरचं खायची वेळ झाली. तिनं अण्णांचा पाव मोडून अर्धा माझ्या ताटात ठेवला. तो नाही म्हणणं म्हणजे बापाला नाही म्हणणं, हे तुला सांगायला नको. मी पावाकडे बघत बसलो. तिला वाटलं मला दारू आठवतेय. तिनं माझा हात धरला. त्यानंतर गप्प राहणं मला पाप वाटलं. मी सगळं सांगितलं. यंत्र, तुझे दोन्ही हात, ब्याण्णव किलो, कार्ड, पेज, टर्की.

तिनं अंथरूण धरलं नाही, ताई. आधी विचारलं, एर्लिंदाला तहान फार लागते का. मी हो म्हटलं. मग तिनं माझ्या ताटातला पाव उचलला आणि परत फोटोपुढं ठेवला. म्हणाली की दीड महिना मी एका लेकराला दुसऱ्याच्या विरुद्ध खाऊ घालतेय आणि तुम्ही दोघं बहीणभाऊ नुसते बघत बसलात. मग म्हणाली की माझी किडनी घेतील का विचार, शहात्तराव्या वर्षी मला दोन कशाला. रुतिला रडत होती ती त्यावर हसली.

थोड्या वेळानं तिनं मला पुल्के आणायला पाठवलं. भर दुपारी, गडू हातात घेऊन, मी गावातून गेलो आणि तसाच भरलेला गडू घेऊन परत आलो. पेत्रोनिलानं दारात उभं राहून क्रुसाची खूण केली. मला काहीच वाटलं नाही. घंटा होऊन तास उलटला होता, तरी आईनं गडू जागेवर ठेवला आणि फोटोला म्हणाली की वाटेत असाल तर दोन पावलं मागं या.

आज पहाटे काट्यावर नव्याण्णव. अजून पाच आठवडे आहेत. पेज बंद झाली. आठ दिवसांनी परत आल्यावर माझं ताट ती स्वतः वाढणार आहे, तोवर रुतिलाला निवडुंगाची सूचना देऊन ठेवलीय.

तू रागावणार हे मला माहीत आहे. जे बोलायचं ते मला बोल, तिला नको. आता मी तिला पाचुकाच्या बसमध्ये खिडकीजवळ बसवीन, गाठोडं मांडीवर देईन आणि हे पत्र तिच्याच हातात ठेवीन.

तुझा,
फिदे