लेकीकडे एकटीने, आगगाडीने

३ मार्च
ठरलं. लेकीकडे मी एकटी जाणार. तिचे दिवस भरत आलेत, डॉक्टरने नऊ तारीख दिलीय. मुलगा म्हणाला, शनिवारपर्यंत थांब, मी सोडायला येतो. मी म्हटलं, बाळ काय तुझी सुट्टी बघून जन्माला येणार आहे? लेकीला फोन केला. ती म्हणाली, आई, ये, पण घाई करू नकोस. म्हणजे लगेच ये. मी तिची आई आहे, मला बोलण्यातलं कळतं. मी जवळ नसताना तिला ते जमायचं नाही. इंजेक्शन म्हटलं तरी माझा पदर धरून बसायची.

५ मार्च
पाच तासांची गाडी. मधे बदलायची नाही, शेवटच्या स्टेशनला उतरायचं. यात चुकण्यासारखं आहे काय? तरी मुलाने तीनदा बजावलं, की आई, दिलेल्या सीटवरून हलायचं नाही, डबा बदलायचा नाही. सुनेने या परक्या देशातल्या भाषेत एक कार्ड लिहून गळ्यात अडकवलं. काय लिहिलंय ते विचारलं तर म्हणाली, तुमची ओळख आहे. चांगलंच लिहिलं असेल. सून स्वभावाने गरीब आहे.
निश्चय: कुणाशी फार बोलायचं नाही.

६ मार्च, सकाळी ८.१०
गाडी सुटली. मुलाने समोरच्या बाईला माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगितलं, ती मान डोलवत राहिली. तो मी शिवलेल्या बाळाच्या दुपट्याचं कौतुक सांगत असणार.

८.४०
डब्यात चिडीचूप. वीसेक माणसं, पण एकाच्याही तोंडातून शब्द नाही. नक्की कुणीतरी गेलेलं आहे. समोरच्या बाईने तर काळे कपडेच घातलेत. मी हळूच विचारलं, कोण गेलं हो? तिने ओठांवर बोट ठेवलं. दुःख बोलवत नसेल. मी उठून तिच्या पाठीवरून हात फिरवला. ती पार खिडकीला चिकटून बसली. काचेवरही तोंडावर बोट ठेवलेल्या माणसाचं चित्र आहे. दाढदुखीच्या औषधाची जाहिरात दिसते.

९.१५
लेकीचा फोन. मला नीट ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला. कळा नाहीत म्हणाली, जरा पाठ भरून आलीय. मी श्वास कसा घ्यायचा ते मोठ्याने करून दाखवलं. सगळा डबा वळून बघायला लागला. परदेशी लोकांना शिकायची फार आवड. एक चष्मेवाला तर उठून आला आणि काचेवरच्या चित्राकडे बोट दाखवायला लागला. मी म्हटलं, चित्र छान आहे. मग टीसी आला. माझं कार्ड वाचलं आणि त्याचा चेहराच बदलला, इतका आदर! दोन्ही हात खाली दाबून दाखवलं, बसून राहा. हो हो म्हटलं.

१०.००
डबा बदलायचं ठरवलंय. मुलाने नको म्हटलं होतं, पण त्याला कुठे माहीत होतं की हा सुतकातला डबा आहे? बाळ बघायला निघालेल्या बाईने असल्या ठिकाणी बसू नये.

१०.२५
चार डबे मागे आले. इथे माणसं आहेत! पंधरा-वीस बायका, सगळ्या माझ्याच वयाच्या, हातात वह्या, मधेच गायला लागतात. खिडकीजवळच्या सीटवर रुमाल टाकला आणि बॅग आणायला गेले. परत येते तर एक धिप्पाड बाप्या माझ्या रुमालावर बसलेला! मी म्हटलं, अहो, रुमाल दिसला नाही का? त्याने तो काढला, घडी घालून माझ्या हातात दिला आणि परत बसला. रुमाल टाकला म्हणजे जागा धरली, एवढंही यांना शाळेत शिकवत नाहीत. शेवटी म्हटलं, जरा सरका. दोघांच्या सीटवर तिसरी बसले. पाचच मिनिटांत तो आपणहून उठून गेला. मनाने वाईट नव्हता.
बायकांना दुपटं दाखवलं. हातानेच पोट दाखवलं, बाळ दाखवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मराठीत बोलते, त्या त्यांच्यात. एकही गोष्ट अडली नाही. निश्चय उद्यापासून.

११.२०
मोठं स्टेशन. गाडी वीस मिनिटं उभी होती, मागेपुढे दणकेही बसले. आता हललीय. शेजारच्या रुळावरही एक गाडी निघाली, अगदी आपल्यासारखीच. आणि तिच्या खिडकीत ती काळ्या कपड्यांतली बाई! दोन्ही हात हलवत होती, काच ठोकत होती. बिचारीचं मन शेवटी मोकळं झालं. मीही दिसेनाशी होईपर्यंत हात हलवला. पण ती त्या गाडीत कशी गेली?

११.४५
आपली गाडी मधोमध तोडतात! अर्धी एका गावाला, अर्धी दुसऱ्या. मी दुसऱ्या. गाणाऱ्या बायकांतल्या एकीने कार्ड वाचलं आणि किंचाळलीच. टीसीने कार्डावरून मुलाला फोन लावला. मुलगा म्हणाला, आई, डबा बदलू नकोस म्हटलं होतं ना? मी म्हटलं, का बदलू नको ते कुठे सांगितलंस? पोराला अर्धवट बोलायची सवय लहानपणापासून.

दुपारी १.३०
लहानसं स्टेशन. उलटी गाडी तीन वाजता. स्टेशनवालीने मला स्वतःच्या केबिनमध्ये खुर्ची दिली, पायांवर शाल घातली. दर दहा मिनिटांनी येऊन बघते, मी आहे ना.
सुनेचा फोन. तो शांत बसायचा डबा होता म्हणे, कुणी गेलं-बिलं नव्हतं. मग त्या बाईने आधीच सांगायचं.
लेक फोन उचलत नाही.

२.१०
जावयाचा फोन. अकरापासूनच कळा सुरू आहेत, दवाखान्यात आणलंय. मी म्हटलं, मी येईपर्यंत थांबा म्हणावं. तो म्हणाला, आई, ते माझ्या हातात नाही हो.
माझ्याही नाही. स्टेशनवालीला खुणेने सगळं सांगितलं. तिने आपली खुर्ची ओढून शेजारी मांडली. दोघी रुळाकडे बघत बसलो.

४.५०
गाडीत आहे. नवा टीसी माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसला, उठायचं नावच घेत नाही. बाथरूमला गेले तर दाराबाहेर उभा. बोलायचा डबा आहे, पण बोलावंसं वाटत नाही. एकदा तरी घड्याळ बघायचं थांबायला हवं.

७ मार्च, सकाळी
काल सहाला पोचले. टीसीने मला जावयाच्या हातात दिलं आणि सही घेतली.
मुलगी झाली. चार पस्तीसला. दोघी छान आहेत. नाक आमच्याकडचं.
लेकीला म्हटलं, माझ्याशिवाय फार जड गेलं असेल ना गं? ती म्हणाली, तशी एक नर्स होती, आपला एक शब्द तिला येत नव्हता, पण हात सोडला नाही तिने. मग हसली. म्हणाली, अगं आई, मला कळांचं भानच नव्हतं. दर पाच मिनिटांनी मी ह्यांना हेच विचारत होते की आई नीट गाडीत बसली का? बसली म्हणाले, तेव्हा कुठे मोकळी झाले.
म्हणजे बघा, मी जवळ नसूनही उपयोगी पडलेच.
असं लिहिलं खरं. पण मघाशी ती झोपल्यावर जरा रडले. आता बरं वाटतंय.

७ मार्च, दुपारी
नात पहिल्यांदाच एवढा वेळ मांडीवर मिळाली. म्हटलं, हिला सगळा प्रवास पहिल्यापासून सांगावा. फार मन लावून ऐकत होती, डोळे मोठ्ठे करून.
गाडी सुटायच्या आतच झोपली.