मध्यंतरानंतर बदललेला नायक

पिरंगुट, २१ जानेवारी

प्रिय अब्बा,

तुम्ही गेल्यापासून रोजनिशीत तुमच्याविषयी पुष्कळ लिहिलं, तुम्हाला मात्र एक ओळही नाही. माफ करा. आजही भीती वाटतेय म्हणून लिहितेय.

आठवड्यापूर्वी नाक्यावर डंपर मागे घेताना ड्रायव्हरने पाहिलं नाही आणि वरच्या वाडीतल्या सोनाबाईचा पाय चिरडला. ती कडेला उभी होती. मी दहा पावलांवर. हवालदारांनी विचारलं, तेव्हा मी पाहिलं नाही म्हणाले. का म्हणाले? आता सोनाबाईच डंपरच्या मध्ये आली, असं सगळे सांगतात.

परवा डंपरमालकाची दोन माणसं घरी आली. चहा घेतला, माझ्या मुलीची शाळा किती वाजता सुटते ते विचारलं. निघताना एक म्हणाला, "ताई, तुमी कायच बघितलं न्हाई, ते लई बरं झालं."

तेव्हापासून कडी वाजली की आधी मुलीला आतल्या खोलीत पाठवते.

अशात मला तुमचा पौडचा व्हिडिओ हॉल आठवावा! रविवारची दुपार, तापलेले पत्रे, आणि टीव्हीवर ते जुने इंग्रजी तलवारीचे सिनेमे. झुंबराला लोंबकळणारे, जहाजाच्या दोरावरून झेपावणारे, दहा जणांनी घेरलं तरी हसणारे नायक. इंग्रजी तुम्हालाही येत नव्हतं. माईक धरून तुम्ही आपल्या बोलीत संवाद ठोकून द्यायचात, आणि माणसं तेच सिनेमे पुन्हा पुन्हा बघायची. का, ते आज कळतं. नायकाला भिताना कधी दाखवत नाहीत, म्हणून आपली भीती दोन तास विसरते. पण बाहेर उन्हात आल्यावर काय करायचं, ते तुम्ही कुठे सांगितलंत?

एका सिनेमात नायक आणि खलनायक, दोघांनाही बारीक मिशी, दोघांनाही झगा. तुम्ही खलनायकालाच नायक समजलात आणि मध्यंतरापर्यंत आख्ख्या हॉलकडून त्याला टाळ्या मिळवून दिल्यात. मग त्याने एका म्हाताऱ्या कैद्यावर चाबूक उगारला.

तुम्ही माईकवर म्हणालात, "चुकलं माझं. ह्यो न्हाई, त्यो दुसरा हाय आपला."

लोकांनी शिट्ट्या मारल्या, शिव्या घातल्या. तुमच्या हातातला माईक थरथरत होता. मला तुमची लाज वाटली, अब्बा. कितीतरी वर्षं वाटत राहिली.

घाबरला होतात ना? मग बोललात कसे?

मला झेपा घेता येणार नाहीत. मुलीला सकाळीच चांदे गावी बहिणीकडे सोडेन. पण हवालदारांशी खोटं बोलले होते, हे माझ्या तोंडाने सांगेन. आवाज फुटला नाही तर लिहून देईन. वचन देते.

तुमची,
रेहाना

उद्याचं काम: पोलीस ठाण्यात जाऊन सांगणे, मी पाहिलं होतं.